पाण्याची वही

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने विसेक किलोमीटर गेलं की अंजनेरीचा डोंगर समोर उभा राहतो. त्याच्याच परिसरात, डांबरी रस्ता सोडून बरंच आत, आमचं निवासी शिबिर होतं. 10 मेच्या संध्याकाळी 42 मुलं बसमधून उतरली, 21 तारखेला सकाळी परत गेली. वय 9 ते 13. आम्ही मोठी माणसं 8.

मी सिडकोतल्या एका शाळेत 14 वर्षं शिकवते आहे. मुलांबरोबर दिवसाचे सहा तास काढायची सवय होती, चोवीस तास काढायची नव्हती. शिबिरप्रमुखांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांनी फोनवर मला एकच विचारलं होतं, "ताई, तुम्हाला गप्प राहता येतं का?" मी हो म्हणून टाकलं. त्या प्रश्नाचं वजन मला सहाव्या दिवशी कळलं.

पहिल्याच रात्री मुलं एकमेकांना गावावरून हाका मारायला लागली. ए सिन्नर, ए ओझर, ए देवळाली. दुसऱ्या दिवसापर्यंत खरी नावं मागेच पडली होती. मीही इथे त्याच नावांनी लिहिते आहे, फक्त गावं बदलून, कारण पुढे येणारी एक गोष्ट एका मुलाची आहे आणि ती त्याचीच राहिली पाहिजे.

साडेपाचला शिट्टी, सूर्यनमस्कार, पोहे नाहीतर मटकीची उसळ, श्रमदान, छंदवर्ग, जेवण, दुपारची विश्रांती, पन्हं, मैदानावर लगोरी आणि आट्यापाट्या, रात्री गोष्ट. बहुतेक शिबिरांचा दिवस असाच जातो, त्यावर फार लिहीत नाही. आमचं शिबिर खरं घडलं ते पाण्याभोवती.

जागेत नळ नव्हता. 5,000 लिटरची एक काळी टाकी होती आणि एक दिवसाआड टँकर येऊन ती भरून जायचा. भाऊंनी 11 तारखेच्या सकाळी मुलांना टाकीपाशी बसवलं आणि एवढंच सांगितलं, "हे दोन दिवसांचं पाणी आहे. आपण 50 माणसं आहोत. कसं करायचं ते तुम्ही ठरवा." आणि ते निघून गेले.

मुलांनी गणित केलं. माणशी दिवसाला 50 लिटर. स्वयंपाक, भांडी, संडास, आंघोळ, प्यायचं, सगळं त्यातच. मी त्यांना सांगितलं की जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी रोज 55 लिटरचा निकष धरला आहे, शहरातल्या माणसासाठी 135 चा धरतात. गंगापूर रोडचा एक तेरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आमच्या शॉवरलाच तेवढं जात असेल." तो हे बढाईने म्हणाला नव्हता. त्याने ते पहिल्यांदाच मोजलं होतं.

आणि हे सगळं गोदावरीच्या उगमाजवळ. ब्रह्मगिरी तिथून दिसतो. त्याच्यावर उगम पावलेली नदी 1,465 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, आणि तिच्या उशाशी मे महिन्यात टँकर. सिन्नरच्या मुलीला हे पटेना. "पण इथे तर केवढा पाऊस पडतो ताई!" पडतोच. पण खाली कातळ, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. पडलेलं पाणी मुरायला थांबतच नाही, धावत खाली धरणात जातं. ज्या गंगापूर धरणाचं पाणी आम्ही नाशिककर पितो, ते याच डोंगरांवरून आलेलं असतं. हे मी वर्गात कितीदा शिकवलं आहे. पण बादली हातात धरून ऐकणारी मुलं मला कधी मिळाली नव्हती.

त्या रात्री गोष्टीची पाळी माझी होती. माझं माहेर बागलाणातलं, मोसम नदीकाठचं. तिथल्या फडांचं मी सांगितलं. नदीवर बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याची गरज सगळ्यांना एकाच वेळी लागते आणि पाळीवरून भांडणं होत नाहीत. पाणी वाटायला पाटकरी. त्याला शेतकऱ्यांनीच मिळून नेमलेलं असतं. तीन-चारशे वर्षं हे असं चालत आलं. माझे आजोबा म्हणायचे, पाटकऱ्याला सोयरा नसतो. गोष्ट संपल्यावर नेहमीसारख्या टाळ्या झाल्या नाहीत. पोरं आपापसात कुजबुजत होती. सकाळी नाश्त्याला देवळालीच्या मुलीने उभं राहून सांगितलं की शिबिरात पाटकरी नेमायचा आहे आणि आत्ताच मतदान आहे.

तीच निवडून आली. बारा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी. तिने छंदवर्गातून शंभर पानी वही मागून घेतली, पट्टीने रकाने आखले: तारीख, टाकीत किती, स्वयंपाक, पिणं, आंघोळ, भांडी, संडास. शेवटी एक रकाना उरला. त्यावर तिने लिहिलं, "इतर".

टाकीत पाणी किती हे बघायला झाकण उघडावं लागायचं आणि मुलांना वर चढायला बंदी होती. मग तिने एक युक्ती शोधली. बोटाच्या पेराने टाकीला खालून वर ठोकत जायचं. पाणी आहे तिथवर आवाज मुका, भरीव. पाणी संपलं की एकदम पोकळ घुमतो. त्या जागेवर खडूने रेघ. पाचशे-पाचशे लिटरच्या खुणा तिने टँकर भरत असताना भाऊंकडून करून घेतल्या होत्या. पहाटे मला जाग यायची ती त्या आवाजाने. टक, टक, टक, आणि मग घुमारा.

आता पिंपळगावच्या मुलाबद्दल. नऊ वर्षांचा, सगळ्यांत धाकटा. सुरुवातीला तो कुणाशी बोलला नाही. बॅगेची चेन उघडायची, आत बघायचं, लावायची. असली मुलं वर्गातही असतात आणि खरं सांगायचं तर वर्गात ती माझ्या नजरेतून सुटतात, कारण त्यांचा त्रास नसतो.

भाऊंनी मैदानात दोन मीटरचा बांबू रोवायला घेतला होता. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य एक दिवस बरोबर डोक्यावर येतो. नाशिकचा अक्षांश जवळपास 20 अंश, म्हणून तो दिवस 20 मेच्या आसपास. त्या दुपारी उभ्या काठीला सावलीच पडत नाही. तोवर रोज सावली मोजायची होती. मोठी मुलं बांबू नजरेने सरळ करत होती. पिंपळगाव लांबून बघत होता. मग आला, खिशातून सुतळी काढली, टोकाला दगड बांधला आणि बांबूला लावून म्हणाला, "वाकडाय." घरची द्राक्षबाग. मांडवाचे खांब उभे करताना वडील ओळंबा धरतात, ते त्याने पाहिलं होतं. बांबू सरळ झाला आणि सावली मोजायचं काम न सांगता त्याचं झालं. 11 तारखेला सावली सात सेंटीमीटर होती, उत्तरेकडे. सर्वांत आखूड सावली बाराला न पडता साडेबाराच्या पुढे पडते, हेही त्यानेच घड्याळ लावून पकडलं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर चालतं. नाशिक त्याच्या जवळपास नऊ अंश पश्चिमेला, आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात. हिशोब करून बघा, जमतो.

तिसऱ्या रात्री शिबिरात रडारड होते. हे भाऊंनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. पहिले दोन दिवस नवलाईत जातात, तिसऱ्या रात्री आई आठवते. एकाने हुंदका दिला की खोलीभर पसरतो. त्या रात्री आम्ही मुलांना बाहेर चटयांवर झोपवलं, सप्तर्षी दाखवले, वसिष्ठाशेजारची अरुंधती कुणाला दिसते याची पैज लावली. हळूहळू शांत झाली.

13 च्या पहाटे शिट्टीच्या आधी पिंपळगाव माझ्या दाराशी उभा होता. काही बोलला नाही. पँट ओली होती. मी त्याला कोरडे कपडे दिले, चादर उचलली आणि माझ्या आंघोळीच्या बादलीत धुऊन मागच्या कुंपणावर टाकली. "कुणाला नाही सांगायचं," तो म्हणाला. नाही सांगणार, म्हटलं. 14 ला पुन्हा तेच. त्या दिवशी मी पाटकरीणबाईंकडे गेले. "मला एक बादली जास्त लागेल." तिने कशाला म्हणून विचारलं नाही. वहीत लिहिलं: इतर, 1 बादली.

त्याच दिवशी दुपारी आम्ही जवळच्या वाडीवर गेलो होतो. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी तिथल्याच. त्यांच्या विहिरीत पाणी होतं ते फक्त तळाच्या एका कपारीत. झिऱ्यातून वाटीभर साचलं की वाटीने उचलून हंड्यात. एक बाई खाली उतरली होती, वर पाच जणी वाट बघत बसल्या होत्या. एक हंडा भरायला किती वेळ लागतो हे बघायला ओझरच्या मुलाने घड्याळ लावलं आणि मग मध्येच बंद करून खिशात टाकलं. परतताना कुणी फारसं बोललं नाही. मावशींनी सगळ्यांना नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला, प्यायला पाणीही पुढे केलं. एकाही मुलाने तांब्या घेतला नाही. सगळे म्हणाले, आमच्याकडे बाटली आहे.

16 तारखेला टँकर आला नाही.

सकाळी आठला यायचा, दहापर्यंत आला नाही. टँकरवाल्याला फोन लागेना. लागला तेव्हा कळलं, उद्या दुपारपर्यंत होणार नाही. टाकीवर खडूची रेघ 900 लिटरच्या आसपास. 50 माणसं आणि साधारण तीस तास. माझं गणित डोक्यात पळायला लागलं होतं: आंघोळी बंद, भांड्यांसाठी अमुक, वाडीवरून चार हंडे मागवता येतील का. मी उठले. भाऊंनी माझ्या हाताला हलकेच धरलं. "ताई, थांबा. पाटकरी कोण आहे?"

मुलं गोलात बसली होती. देवळाली मध्ये उभी, हातात वही. तिचा आवाज थरथरत होता आणि मला ते सहन होत नव्हतं. चौदा वर्षांत मूल अडखळलं की पुढचा शब्द मी पुरवत आले आहे. इथे मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

"पिणं 250," ती म्हणाली. "स्वयंपाक 200. संडास 200. भांडी..." ती थांबली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मावशी बोलल्या, "पोरी, राखेनं कोरडं घासा आधी, मंग फडक्यानं पुसा. तांब्याभर पाण्यात ताट निघतं." तिने लिहून घेतलं. भांडी 150. मग वर बघून म्हणाली, "आंघोळ नाही. शंभर लिटर कुणी आजारी पडलं तर." गंगापूर रोडने विचारलं, "वाडीवरून आणू या ना थोडं?" यावर ती क्षणभरही थांबली नाही. "ते पाणी त्यांचं आहे."

एवढंच. सभा दहा मिनिटांत संपली. मी मांडीखालून हात काढले तेव्हा बोटांना मुंग्या आल्या होत्या.

तो दिवस सोपा गेला नाही. ऊन तापलं होतं, पोरं चिडचिडी झाली, दोघांची मारामारी झाली. दुपारी गंगापूर रोडने गुपचूप एक बादली अंगावर ओतून घेतली. ओला टॉवेल बघून सगळ्यांना कळलं. मोठी मुलं त्याला घेरून उभी राहिली आणि माझ्या मनात पुन्हा तीच घाई. देवळालीने वही उघडली, आंघोळीच्या रकान्यात 1 लिहिलं आणि त्याला म्हणाली, "संडासाचं पाणी वाटायला माणूस पाहिजे. तू कर." तिच्या बोलण्यात शिक्षेचा सूर नव्हता. तिला खरोखरच माणूस हवा होता. तो रात्री नऊपर्यंत डबे भरून देत होता. दुसऱ्या दिवशी टँकर आला तरी त्याने ते काम सोडलं नाही.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवशीच्या पहाटेची गोष्ट. 16 ला, टँकर येणार नाही हे कळायच्या आधी, पिंपळगाव पुन्हा माझ्या दाराशी आला होता. मी बादली मागायला टाकीपाशी गेले. देवळाली रेघ ओढत होती. तिने बादली भरून दिली आणि पहिल्यांदाच नजर कुंपणाकडे गेली तिची, जिथे दोन दिवसांपूर्वी चादर वाळत होती. मग माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. इतर, 1 बादली. त्या पंधरा लिटरचा हिशोब तिने त्या दिवशीच्या सभेत कुठेही काढला नाही, जरी एकेका तांब्यावर वाद होत होता.

17 च्या पहाटे मी दार उघडलं तर उंबऱ्याजवळ भरलेली बादली होती. वर ताट झाकलेलं, किडे पडू नयेत म्हणून. टाकीत तेव्हा जेमतेम दोनशे लिटर असतील. पाच मिनिटांनी पिंपळगाव आला, आणि बादली लागली.

मला मुलांच्या वाढीबद्दल जे काही माहीत होतं ते पुस्तकातलं आणि प्रशिक्षणातलं होतं. तिथे आत्मविश्वास, नेतृत्व, सहवेदना असे वेगवेगळे मुद्दे असतात आणि प्रत्येकासाठी एक उपक्रम. त्या बादलीवरचं ताट कुठल्या उपक्रमातून आलं हे मला सांगता येणार नाही. एवढं दिसलं की त्या मुलीकडे खरं काम होतं. ती चुकली असती तर खरंच कुणाला तरी पाणी मिळालं नसतं. आणि आम्ही मोठ्यांनी ते काम तिच्या हातून काढून घेतलं नाही. मी जवळजवळ घेतलं होतं.

19 ला पहाटे अंजनेरी चढलो. चढ पायऱ्यांचा, मग वरचं विस्तीर्ण पठार, अंजनीमातेचं देऊळ, तळं. करवंदं पिकली होती, सगळ्यांची तोंडं जांभळी. कड्याच्या बाजूला दोन गिधाडं पंख न हलवता गोल फिरताना दिसली. गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक नावाच्या औषधाने ही गिधाडं देशभरात कशी मेली आणि 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, हे भाऊंनी सांगितलं. पिंपळगाव माझा हात न धरता वरपर्यंत आला. उतरताना मी थकले तेव्हा माझी बाटली त्याने घेतली.

20 तारखेला साडेबाराच्या आधीच सगळे मैदानात. डोकी तापली होती, कुणी हलत नव्हतं. पिंपळगाव बांबूच्या बुंध्याशी उकिडवा बसलेला, मोजपट्टी हातात. त्याच्या वहीतले आकडे असे उतरत आले होते: सात, सहाच्या वर, पाच, आणि दोन दिवसांपासून एकच्या आतबाहेर. सावलीच्या कडा पुसट असतात म्हणून रोज एका मिलिमीटरवरून भांडण व्हायचं. त्या दिवशी भांडायला काही उरलं नव्हतं. बांबू त्याच्या स्वतःच्या पायात उभा होता. "गेली!" तो ओरडला. अकरा दिवसांत त्याचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग प्रत्येकजण खाली बघायला लागला. स्वतःच्या पावलांभोवती चिमूटभर काळोख, बस. मुलांनी उड्या मारून बघितलं, सावली पायाखालीच.

त्या रात्री निरोपाचा कार्यक्रम झाला, गाणी झाली, रडूनही झालं. सकाळी बस आली. देवळालीने वही भाऊंच्या हातात दिली आणि भाऊंनी ती मला दिली. "ताई, घरी न्या. निवांत वाचा."

घरी येऊन मी पहिल्यांदा नळ सोडला आणि लगेच बंद केला. मग वही उघडली. अक्षर सुरुवातीला ठसठशीत, नंतर घाईचं, 16 च्या पानावर खोडाखोड. शेवटचा रकाना मी वरून खाली वाचत गेले. 14 ला एक. 16 ला एक. 17 ला एक.

18, 19, 20 आणि 21, चारही पहाटे भरलेली बादली माझ्या उंबऱ्याशी झाकून ठेवलेली होती. चारही दिवस शिट्टी झाल्यावर मी ती तशीच नेऊन तिला परत दिली आणि तिने ती टाकीत ओतली. वहीत त्या चार दिवसांसमोर "इतर" खाली काहीच लिहिलेलं नाही.